जुन्या लष्करी मालवाहू विमानांचे उरलेले पार्ट शोधताय? मग हे वाचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मला हा नाद लागून बरीच वर्षं झाली. आधी फक्त फोटो बघायचो, मग एकदा बाजारात एक अल्टिमीटर (विमानाची उंची दाखवणारं मीटर) घेतलं आणि तिथून जे सुरू झालं ते घरच्यांच्या बोलण्याला न जुमानता अजून चालूच आहे. लोक फोन करून, मेसेज करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. जिथे मला जास्त माहितीये तिथे जास्त बडबड केलीये, बाकीचं उरकून टाकलंय, चालवून घ्या.

नेमक्या कुठल्या विमानांबद्दल बोलतोय आपण?

आपल्या एअरफोर्सची जुनी ट्रान्सपोर्ट विमानं. डकोटा, पॅकेट, ऑटर, कॅरिबू, एएन-१२ आणि अ‍ॅव्रो. फायटरच्या मागे सगळे धावतात, मिग आणि नॅट गावोगावी चौकात उभे दिसतात, पण ज्या विमानांनी ईशान्येला आणि लडाखला पीठ-मीठ-रॉकेल पोचवलं त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. अ‍ॅव्रो तर अजून पूर्ण गेलेलंही नाही, त्याच्या जागी सी-२९५ येतंय (एकूण ५६, त्यातली १६ स्पेनमधून तयार आणि ४० वडोदऱ्यात टाटांकडे बनणार), त्यामुळे पुढच्या काही वर्षांत बाजारात सगळ्यात जास्त पार्ट अ‍ॅव्रोचेच दिसतील असा माझा आपला अंदाज. कानपूरला बनलेलं पहिलं अ‍ॅव्रो १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं, नाव 'सुब्रतो', म्हणजे साठ वर्षांवर सर्व्हिस झाली, आपल्याकडे एसटीसुद्धा एवढी चालवत नाहीत.

रिटायर झाल्यावर विमान जातं कुठे?

आधी त्याची हाडं काढतात. म्हणजे चालू असलेल्या बाकी विमानांना लागणारं जे जे आहे ते खोलून घेतात, इन्स्ट्रुमेंट, पंप, चाकं, प्रोपेलर, सगळं. फिटर लोक याला सरळ 'कॅनिबलाइज' म्हणतात. मग कॅट-ई करून, म्हणजे दुरुस्तीपलीकडचं ठरवून, रेकॉर्डवरून काढलं की उरलेला सांगाडा कधी गेटवर उभा राहतो, कधी ट्रेनिंग स्कूलमध्ये पोरांना शिकायला, आणि बहुतेक वेळा लिलावात. सरकारी भंगाराचे लिलाव एमएसटीसी ही सरकारी कंपनी ऑनलाइन घेते, तिथे विमान 'विमान' म्हणून जात नाही, अ‍ॅल्युमिनियमचा लॉट म्हणून वजनावर जातं. पुन्हा उडवता येऊ नये म्हणून आधी कापतात पण. त्यामुळे पॅकेटचा पंख शोधत असाल तर त्याचं कोणाच्या तरी घरी पातेलं होऊन त्यात आमटीही उकळून झाली असणार, हे मनात धरूनच कामाला लागा. यातून एक कळतं, की जे पार्ट वाचले ते बहुतेक विमानातून *आधीच* काढून ठेवलेले आहेत. स्टोअरमध्ये पडून राहिलेलं स्पेअर, ओव्हरहॉलला गेलेलं आणि परत न बसवलेलं मीटर, असलंच. आणि म्हणूनच 'हे अमुक नंबरच्या विमानातलं आहे' हे सिद्ध करणं इतकं अवघड जातं.

पूर्ण विमान बघायचं असेल तर?

दिल्लीला पालमचं एअरफोर्स म्युझियम, १९६७ पासूनचं. तिथलं पॅकेट नक्की बघा, दोन शेपट्यांचं, आणि पाठीवर जे गाठोड्यासारखं दिसतं ते तिसरं इंजिन. मूळ अमेरिकन पॅकेटला दोनच पिस्टन इंजिनं, पण भरलेलं विमान घेऊन हिमालयात चढायला ती कमी पडायची म्हणून आपल्या लोकांनी साठच्या दशकात वर एक जेट इंजिन बसवलं. आधी स्टुअर्ड-डेव्हिस कंपनीचं किट, मग आपल्याच एचएएल या सरकारी विमान कंपनीचं ऑर्फियस. जुगाड म्हणा हवं तर, पण इंजिनिअरिंगचा जुगाड.

आपल्याला जवळचं म्हणजे गोवा. वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्याला नेव्हीचं एव्हिएशन म्युझियम आहे, १९९८ मध्ये उघडलं. बाहेर उभं असलेलं ते लांबलचक, माशासारख्या पाठीचं, तीन शेपट्यांचं विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन, आयएन-३१५. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात आणि बीचवर जातात. हे आधी एअर इंडियाकडे प्रवासी विमान होतं, मग एअरफोर्सकडे गेलं आणि १९७६ ला नेव्हीकडे, तिथे १९८३ पर्यंत समुद्रावर टेहळणी करत होतं. एकाच सांगाड्याचे तीन मालक, तीन वेळा रंग. पार्टांचा अभ्यास करणाऱ्याने एक अख्खी दुपार तिथे घालवावी. बेंगळुरूला एचएएलचंही म्युझियम आहे, चांगलं आहे, पण आपल्या विषयासाठी पालम आणि गोवा आधी.

दिल्लीजवळ हिंडनच्या एअरफोर्स तळावर जे उडणारं डकोटा आहे ते १९४७ ला श्रीनगरला उतरलेलंच ना?

नाही हो. हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता उत्तर पाठ झालंय. २७ ऑक्टोबर १९४७ ला लष्कराच्या १ शीख बटालियनचे जवान घेऊन डकोटा श्रीनगरला गेली, त्या डकोटांच्या आठवणीत हिंडनच्या विमानावर व्हीपी-९०५ हा नंबर *रंगवलेला* आहे. ते विमान स्वतः १९४४ सालचं, ब्रिटिश एअरफोर्समध्ये केएन-३९७ म्हणून होतं, नंतर इंग्लंडमध्येच सिव्हिल नंबर घेऊन कित्येक वर्षं उडालं. राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन दुरुस्त करून घेतलं आणि एअरफोर्सला भेट दिलं, त्यांचे वडील डकोटाचे पायलट होते. नाव 'परशुराम'. एप्रिल २०१८ मध्ये कॉव्हेंट्रीहून उडत उडत जामनगरला आलं आणि ४ मे २०१८ ला हिंडनला रीतसर दाखल झालं. यात फसवणूक काही नाही, कोणी लपवलेलंही नाही, पण यावरून आपल्या धंद्याचा पहिला नियम शिकून घ्या: रंग म्हणजे कपडे. माणूस ओळखायचा तर कपड्यांवरून ओळखू नका. शेपटीवरचा नंबर कोणीही, कधीही, ब्रशने बदलू शकतो. प्लेटवर ठोकलेला नंबर बदलणं जरा अवघड.

हातात एक पत्र्याचा तुकडा आलाय, कुठल्या विमानाचा कसं ओळखू?

बसा, हे जरा लांबेल.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होते, सार्जंट म्हणून रिटायर झाले. मी पहिल्यांदा तळहाताएवढा एक तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी चष्मापण लावला नाही, नुसता अंगठा फिरवला रिव्हेटांवरून आणि म्हणाले, "अमेरिकन आहे रे, रशियन नाही. बघ, खळगा लागतोय." मी भिंगातून बघितलं तर खरंच, प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध सुईच्या टोकाएवढा खळगा. नंतर वाचून कळलं की अमेरिकन स्टँडर्डमध्ये हा खळगा म्हणजे एका ठरावीक मिश्रधातूची खूण असते, २११७ नंबरचा, आणि विमानाच्या अंगावर सगळ्यात जास्त तोच वापरतात. खळग्याऐवजी वर आलेला एक टिंब असेल तर २०१७, दोन छोट्या रेघा असतील तर २०२४. माझ्या तुकड्यावर एका ओळीत सगळे खळगे आणि मध्येच तीन रिव्हेट टिंबाचे. काका म्हणाले इथे कधीतरी पॅच मारलाय.

मग तुकडा उलटा करा. बाहेरचा रंग काही सांगत नाही, आतली बाजू सगळं सांगते. युद्धकाळातल्या अमेरिकन विमानाच्या आतल्या बाजूला पिवळट हिरवा झिंक क्रोमेटचा प्रायमर असतो, आणि तो जिथे उडालाय तिथे पत्र्यावर कारखान्याच्या शाईने छापलेली तिरकी अक्षरं दिसतात, अल्क्लॅड २४एस-टी, आणि बऱ्याचदा अल्कोआ कंपनीचं नाव. २४एस-टी हे जुनं नाव, त्याच मिश्रधातूला पुढे २०२४ म्हणायला लागले, त्यामुळे जुनं नाव दिसलं तर पत्रा चाळीसच्या दशकातला असायची शक्यता भरपूर. ब्रासो लावून घासू नका, प्लीज. मी एकाला ओळखतो ज्याने आरशासारखं चकचकीत केलं आणि मग विचारायला आला की हे काय आहे. आता काय सांगणार.

रशियन विमानाचं, म्हणजे एएन-१२ वगैरेचं, एक बरं असतं, प्लेटवर अक्षरंच रशियन असतात. १९६७ नंतरच्या मालावर कधीकधी पंचकोनी शिक्का दिसतो, तो सोव्हिएत सरकारचा क्वालिटीचा. आयएसआयच्या शिक्क्यासारखं काहीतरी समजा.

प्लेटवरचे आकडे कसे वाचायचे?

पार्ट नंबर आणि सिरियल नंबर, या दोघांत गल्लत करू नका. पार्ट नंबर म्हणजे 'काय आहे', तसल्या हजारो वस्तूंवर तोच असतो. सिरियल नंबर म्हणजे 'कुठला आहे', तो एकाचाच. विकणारे बहुतेक पार्ट नंबर दाखवून सांगतात की साहेब नंबर आहे ना यावर, ओरिजिनल आहे. अरे नंबर आहे, पण कसला?

ब्रिटिश वस्तूवर मुकुट आणि त्याखाली दोन अक्षरं, ए आणि एम, असतील तर एअर मिनिस्ट्री, म्हणजे ब्रिटिश सरकारचं हवाई खातं. सोबत स्टोअरचा रेफरन्स असतो, ६ए ने सुरू झाला तर इन्स्ट्रुमेंट, ५सी ने सुरू झाला तर इलेक्ट्रिकल. अमेरिकन वस्तूवर एएन ने सुरू होणारा नंबर म्हणजे आर्मी-नेव्हीचं स्टँडर्ड. पुढे त्यांनी सगळ्या सामानाला लांब स्टॉक नंबर दिले, त्यातले पहिले चार आकडे म्हणजे वर्ग: ६६१० उड्डाणाची इन्स्ट्रुमेंट, १६१० प्रोपेलर, १६३० चाकं आणि ब्रेक, २८१० पिस्टन इंजिन, १५६० सांगाड्याचे भाग. १९७४ पासून हा नंबर तेरा आकडी झाला आणि मध्ये दोन आकडे देशाचे घुसले, भारताचा ७२, ब्रिटनचा ९९. त्यामुळे कोणी तेरा आकडी नंबराचं लेबल लावलेली वस्तू 'दुसऱ्या महायुद्धातली' म्हणून दाखवली तर नुसतं हसून पुढे व्हा. वस्तू जुनी असेलही, लेबल नंतरचं आहे, आणि मधल्या तीस वर्षांचा हिशोब कोण देणार?

सांगाड्यावरचा एअरफोर्सचा नंबर दिसला तर त्यातलं दुसरं अक्षर बघा. डकोटाला जे, अ‍ॅव्रोला एच, एएन-१२ ला एल. पॅकेटला के होता आणि नंतर एएन-३२ लाही के च आला, त्यामुळे नुसतं के बघून उड्या मारू नका.

इंजिन किंवा इंजिनाचा भाग सापडला तर ओळखणं सोपं ना?

सोपं वाटतं, आणि तिथेच लोक तोंडावर पडतात. जुन्या अमेरिकन इंजिनाच्या नावात आर म्हणजे रेडियल, सिलिंडर गोल चक्रात लावलेलं, आणि पुढचा आकडा म्हणजे घनइंचात किती जागा. डकोटाचं आर-१८३०, चौदा सिलिंडर. कॅरिबूचं आर-२०००, तेही चौदा. पॅकेटचं आर-३३५०, अठरा सिलिंडर, म्हणजे एकाच इंजिनात जवळजवळ ५५ लिटर, आपल्या छोट्या गाडीचं एक-सव्वा लिटर असतं म्हणजे विचार करा.

आता गंमत बघा. आर-१८३० लिबरेटर बॉम्बरलाही होतं, आणि लिबरेटर आपल्याकडे डझनावारी होते, युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेल्या भंगारातून एचएएलने जिवंत केलेले, त्यातले शेवटचे पुण्यात लोहगावला १९६८ च्या अखेरपर्यंत उडत होते. म्हणजे पुण्यात आर-१८३० चा सिलिंडर सापडला तर तो डकोटाचा असं छातीठोक कसं म्हणणार? नावापुढचा डॅशनंतरचा आकडा बघावा लागतो. आर-३३५० चं पण तेच, ते गोव्यातल्या सुपर कॉन्स्टेलेशनलाही आहे. पॅकेटच्या पाठीवरचं ऑर्फियस ७०१ म्हणजे तर नॅट फायटरचंच इंजिन, पुढे किरण मार्क-२ या ट्रेनर विमानाला पण तेच. आणि अ‍ॅव्रोचं रोल्स रॉइस डार्ट इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट आणि फोकर फ्रेंडशिपला होतं. शिवाय इंजिनं ओव्हरहॉलला जातात आणि परत येताना दुसऱ्याच विमानाला बसतात, त्यामुळे इंजिनाची प्लेट इंजिनाचीच जन्मपत्रिका, विमानाची नाही.

प्रोपेलरचं जरा बरं. डकोटा, कॅरिबू, ऑटर तीन पात्यांचे, पॅकेट, एएन-१२, अ‍ॅव्रो चार पात्यांचे. निदान निम्मे तरी लगेच बाद होतात.

विकणारा म्हणतोय हे दौलत बेग ओल्डीला उतरलेल्या पॅकेटमधलं आहे, घेऊ का?

वस्तू आवडली असेल तर घ्या, गोष्टीचे पैसे देऊ नका.

दौलत बेग ओल्डीची घटना खरी आहे आणि भारी आहे. २३ जुलै १९६२, स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी साडेसोळा हजार फुटांवरच्या त्या मातीच्या पट्टीवर पॅकेट उतरवलं, एवढ्या उंचीवर असलं विमान तोवर कोणी उतरवलं नव्हतं. त्यामुळे पॅकेटचा प्रत्येक नट तिथूनच आलाय असं सांगायचा मोह कोणालाही होणार.

माझंच सांगतो. ते सुरुवातीचं अल्टिमीटर मी एका रविवारच्या बाजारात घेतलं, जुनी कुलुपं आणि पंख्याची रेग्युलेटरं यांच्या ढिगात होतं. विकणारा म्हणाला, दादा, डकोटाचं आहे, काश्मीरच्या लढाईतलं, सत्तेचाळीस सालचं. मी फिदा. भावही नीट केला नाही. घरी आणून बघितलं तर पुढच्या काचेत जी हवेच्या दाबाची छोटी खिडकी असते ना, त्यात आकडे मिलिबारमध्ये, १०१३ वगैरे. अमेरिकेत डकोटासाठी बनलेल्या अल्टिमीटरमध्ये तिथे पाऱ्याचे इंच असतात, २९.९२ सारखे. मागे बघितलं तर मुकुट, ए, एम, आणि ६ए चा रेफरन्स, आणि खाली ओव्हरहॉलचं लेबल, तारीख १९७४. म्हणजे ब्रिटिश माल, सत्तेचाळीस नाही, डकोटात बसवलं असेलही कारण मीटर इकडचं तिकडे बसवतातच, पण ते डेव्हॉन, कॅनबेरा अशा एअरफोर्सच्या ब्रिटिश विमानात असेल, किंवा स्टोअरच्या कपाटातून बाहेरच पडलं नसेल. मी परत त्या बाजारात गेलो, माणूस हसून म्हणाला, "अहो, सत्तेचाळीस काय नि चौऱ्याहत्तर काय, आकडे तेच आहेत ना, उलटे वाचा." काय बोलणार! पण वस्तू मला अजून आवडते.

मग खात्री करायला कागद कुठून आणायचे?

इथे मात्र वेळ घाला. माझं स्पष्ट मत आहे की आधी कागद आणि माणूस शोधावा, धातू नंतर. उलट्या क्रमाने गेलात की तुम्ही वस्तूला साजेशी गोष्ट शोधायला लागता.

माणूस म्हणजे रिटायर्ड फिटर, फ्लाइट इंजिनिअर, सिग्नलर, आणि विसरू नका, आर्मी सर्व्हिस कोअरची इजेक्शन क्रू, जे उघड्या दारातून पोती ढकलायचे. पायलट ऑफिसर लोक लढाया सांगतात, फिटर सांगतो की अमुक विमानाच्या डाव्या दाराचं बिजागर कायम अडकायचं आणि आम्ही तिथे दुसऱ्या विमानाचं बसवलं. तुम्हाला बिजागर हवंय. ही माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा उद्या जाऊ म्हणू नका. जाताना विमानाचे मोठे प्रिंट घेऊन जा, मोबाइलवर त्यांना दिसत नाही, आणि "काका, मला युद्धाचं सांगा" असं न म्हणता "हा पार्ट कसा काढायचा?" असं विचारा, हात आपोआप हलायला लागतात आणि मग आठवतं.

कागद म्हणजे माहिती अधिकार. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. सुरक्षेचं कारण देऊन नाकारू शकतात, पण वीस वर्षांपूर्वीच्या घटनांबद्दल कायद्यातच वेगळं कलम आहे, ८ चं ३ रं पोटकलम, त्याचा उल्लेख करा. सुरक्षेची ढाल त्यातही राहते पण नाकारायची बाकीची बरीच कारणं गळतात. प्रश्न छोटा ठेवा. "पॅकेटची सर्व माहिती द्या" असं लिहिलंत की काही मिळणार नाही. "अमुक नंबरचं विमान कोणत्या वर्षी रेकॉर्डवरून काढलं" एवढंच विचारा.

परदेशात बनलेल्या विमानांचं बरंच काही तिकडेच मिळतं. अमेरिकन एअरफोर्सचं ऐतिहासिक संशोधन केंद्र अलाबामात मॅक्सवेलला आहे, तिथे एकेका विमानाचं रेकॉर्ड कार्ड असतं, कारखान्यातून कधी निघालं, कुठे गेलं. ब्रिटिशांचे बरेच कागद लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये. आणि एअर-ब्रिटन नावाची हौशी लोकांची जुनी संस्था आहे, त्यांनी एकेक नंबर लावून याद्या छापल्यात.

अरुणाचलच्या जंगलात अजून विमानं पडलेली आहेत म्हणतात, ते खरं?

खरं. १९४२ ते १९४५ मध्ये आसाममधून, चबुआ, दिनजान, मोहनबारी, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून, डोंगर ओलांडून चीनला सामान न्यायचे अमेरिकन, त्या मार्गाला 'हंप' म्हणायचे. साधारण साडेसहा लाख टन सामान गेलं आणि सहाशेच्या आसपास विमानं पडली, बहुतेक सी-४७ (डकोटाचंच अमेरिकन नाव) आणि सी-४६. त्यातली कित्येक अजून तिथेच, झाडीत. गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं पत्रा आणून भांडी, अवजारं केली, आणि यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, त्यांच्या शेतात पडलं होतं. पासीघाटला नोव्हेंबर २०२३ पासून खास हंपचं म्युझियम आहे, तिथे जंगलातून आणलेले भाग ठेवलेत.

तपासासाठी एक फार कामाची गोष्ट सांगतो. अमेरिकन विमान बेपत्ता झालं की एक रिपोर्ट भरायचे, त्यात त्या दिवशी विमानाला लावलेल्या इंजिनांचे सिरियल नंबरही लिहिलेले असायचे. वर म्हणालो ना की इंजिनावरून विमान कळत नाही? इथे कळतं, कारण *त्या दिवशीचा* कागद हातात असतो. डोंगरावर सापडलेल्या एका प्लेटवरून विमान, विमानावरून नावं, आणि नावांवरून सत्तर-ऐंशी वर्षं वाट बघणारी घरं सापडली आहेत. म्हणूनच तिथली प्लेट उचलून बॅगेत टाकू नका. फोटो काढा, जीपीएस घ्या, जागच्या जागी ठेवा आणि जिल्हा प्रशासनाला कळवा. ती प्लेट तुमच्या शोकेसमध्ये आली की एक घर कायमचं वाट बघत राहिलं.

आणि हिमाचलचं ते एएन-१२?

बीएल-५३४. ७ फेब्रुवारी १९६८, चंदीगडहून लेहला निघालं, आत १०२ जण, हवा खराब म्हणून परत फिरलं आणि रोहतांगच्या आसपास गायब झालं. पस्तीस वर्षं काहीच नाही. २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या टीमला चंद्रभागा-१३ शिखराच्या बाजूच्या ढाका ग्लेशियरवर अवशेष दिसले. २०१९ च्या मोहिमेत इंजिन, प्रोपेलर, सांगाड्याचे तुकडे, इंधन टाकीचा भाग, कॉकपिटचं दार असं बरंच मिळालं, तेही पाच हजार मीटरच्या वर. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार जवानांचे मृतदेह खाली आणले, छप्पन्न वर्षांनी.

ग्लेशियर एका जागी राहत नाही, तो हळूहळू खाली सरकतो आणि पोटातलं वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या ठिकाणी वर टाकतो. त्यामुळे इंजिन सापडलं तिथे विमान आदळलं असं नसतं. कोणीतरी मला विचारलं होतं की ट्रेकला जातोय, तिथला एखादा तुकडा आणू का. नको. ती जागा स्मशान आहे.

समुद्रात पडलेलं सापडतं का?

क्वचित. एएन-३२ रिटायर झालेलं नाही, पण उदाहरण म्हणून, के-२७४३ हे विमान २२ जुलै २०१६ ला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसकट बंगालच्या उपसागरात गेलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये कळलं की एनआयओटी या सरकारी सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या पाण्याखालच्या यंत्राने ३४०० मीटर खोल तळाचे फोटो काढलेत, त्यात अवशेष आहेत. साडेसात वर्षं. आपल्यासारख्या हौशी माणसाचं ते काम नाही.

असले पार्ट घरी ठेवणं कायद्याने चालतं का?

लिलावातून, पावतीसकट आलेलं असेल तर अडचण येत नाही. पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा इथे लागत नाही, त्याला शंभर वर्षं लागतात. पण सरकारी स्टोअरमधून चोरलेला माल असेल तर तो तुमच्याकडेही चोरीचाच, म्हणून पावती, लॉट नंबर, काहीतरी मागाच. 'कागद नाही पण स्वस्तात देतो' म्हटलं की मी निघतो. परदेशात पाठवायचं असेल तर लष्करी मालाला निर्यातीची स्कोमेट यादी लागू होते, कस्टम्सचं काम करणाऱ्याला आधी विचारा, पार्सल करून मोकळे होऊ नका.

घरात ठेवायला धोका काय?

डायल. जुन्या मीटरचे काटे आणि आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमचा रंग लावायचे. आता ते चमकत नाही म्हणून लोक म्हणतात संपलं. संपलेला असतो तो चमकणारा रसायनाचा भाग, रेडियम नाही, ते अर्धं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. बंद काचेत असेल तर दूर कपाटात ठेवता येतं, पण काच काढू नका, आकडे खरवडू नका, पोरांच्या हातात देऊ नका. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० आलं, कापणाऱ्यांना माहीतच नव्हतं, एकाचा जीव गेला. आपल्या डायलमध्ये तेवढं नसतं, पण शंका आली तर मोजून घ्या.

बाकी, जुनी आग विझवायची बाटली, ऑक्सिजनची बाटली, आणि लँडिंग गिअरचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, यात प्रेशर असू शकतं, खोलू नका. काही चाकं मॅग्नेशियमची असतात, ग्राइंडर लावलात तर पेटतील आणि पाणी टाकलंत तर आणखी पेटतील.

ते तुमचं अल्टिमीटर चालतं का अजून?

चालतं की. खिडकीत १०१३ लावून भिंतीवर टांगलंय. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेअठराशे फूट, थंडीत ते तेवढंच दाखवतं, थोडं इकडेतिकडे. पावसाळ्यात हवेचा दाब उतरला की काटा आपोआप वर सरकतो, मागच्या जुलैत एकवीसशेच्या पुढे गेला होता. काचेवर बोटाने टकटक करावी लागते, काटा जरा अडकतो. सार्जंट काका आले की आल्या आल्या आधी टकटक करतात, मग चहा.